परखी

दिवसभर मी गिरणीत पोत्यांना परखी खुपसतो.
मूठभर धान तळहातावर येतं.
एक दाणा दाताखाली फोडला की कळतं
ओल किती, खंडा किती पडेल,
मधल्या थरात पोचट भरलंय का कोणी.
तोंड शिवलेलं पोतं
मुठीत वाचायची सवय मला.

म्हणून कापगते सरांनी ट्रंक उघडून दिली,
पस्तीस वर्षांचे दिवाळी अंक, कसर लागलेले,
आणि म्हणाले, पोरीच्या पेपरला कथा हव्यात,
यातल्या दहा-बारा निवडून ठेवा,
तेव्हा मी घाबरलो नाही.
वरून थोडं, मधून थोडं, तळातून थोडं.

विशाखा पंधराची. सातवीनंतर शाळा घरीच.
सायकलनं बारा किलोमीटर, त्यात तऱ्याच्या पाळीवरचं वारं,
आणि थंडी तिच्या रक्ताला चालत नाही.
लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात
हे डॉक्टरनं चिठ्ठीच्या पाठीमागे काढून दाखवलं होतं.
तो कागद तिनं भिंतीला लावलाय,
दुधाच्या हिशोबाशेजारी.

ती झोपली की मी परखायला बसतो.
ही नको, हिच्यात मुलगी आजारी आहे.
हीही नको, हिच्यात बरी होते, पण नवसानं.
रेल्वेत विसरलेल्या छत्रीची, ही घेतली.
सरपंचाच्या बकऱ्याची, घेतली, हसू आलं.
एकीत बाप दारू पितो.
मी पीत नाही, तरी नाही घेतली.
एकीत नवरा-बायको अकरा पानं
गाय विकायची का नाही एवढंच बोलतात.
तीन ठिकाणी परखी मारली, तिन्ही ठिकाणी गायच.
बाजूला.

बारा झाल्या. पानापानांत तणसाची काडी खुणेला.
उरलेले अंक बारदान्यात बांधून माळ्यावर टाकले.

पुसात दुखणं आलं.
आधी गुडघ्यात, मग पाठीत, मग कुठं नाही ते सांगा.
गरम पाण्याची पिशवी, गोळ्या,
साकोलीला दोन रात्री सलाईन.
तिसऱ्या दिवशी घरी आणली
आणि मी गिरणीत गेलो, हंगाम होता.

संध्याकाळी येतो तर बारदाना अंगणात मोकळा.
ती रजईत पाय घेऊन
मावळतीच्या उन्हाच्या तुकड्यात सरकत सरकत वाचून राहिलेली.
"हे काऊन काढलं?"
"मायनं शिडी धरली."
"कोन चढलं मंग?"
त्यावर उत्तर नाही.

मग म्हणाली,
"बाबूजी, तुमच्या बारा कथांत
कोनालेच काही दुखत नाही.
डोकं बी नाही."
मी पायातली चप्पल काढत होतो,
ती काढतच राहिलो.
"हे आजारी पोरीची पाहा.
मरते ते. पन मराच्या आदी
डॉक्टरची नक्कल करते, अशी करते का
नर्स बाहेर जाऊन हासते."
तिनंही करून दाखवली,
आमच्या डॉक्टरची, चष्मा कपाळावर ढकलून.
चुलीपाशी तिची माय हसली,
पदर तोंडाला लावून,
मग बराच वेळ पदर तिथंच.

"आन हे गायीची काऊन फेकली?"
"काहीच होत नाही तिच्यात."
"ते गायीचं नाहीच बोलून राहिले, बाबूजी."
"मंग कायचं?"
"पुरी वाचा ना."

आज जेवणाच्या सुट्टीत
डबा पोत्यांच्या थप्पीवर ठेवून
पहिल्या ओळीपासून सुरू केली.
पानांवर कोंडा उडतोय, फुंकतो, पुन्हा उडतो.
हमाल विचारतात, कागद कशाचे, कर्जाचे का?
म्हटलं, अभ्यास आहे.

चौथ्या पानावर आलोय.
अजून तरी गायच आहे.
पण बाई तिला एकदाही
नावानं हाक मारत नाही,
आणि नवरा दोनदा मारतो, दोन्ही वेळा
हळूच.
हे परवा हाताला लागलं नव्हतं.